पाळकसाहेब, तुम्ही आमच्या दोन्ही घरांत जेवलात

आदरणीय पाळकसाहेब,

सप्रेम जय ख्रिस्त.

तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. समोर बसून बोलायला लागले की तुम्ही "आधी चहा टाक" म्हणता आणि विषय तिथेच संपतो. म्हणून लिहिते आहे, आणि कोणालाही वाचता येईल असे उघड लिहिते आहे. पुण्या-मुंबईत आता एक कॅथलिक आणि एक प्रॉटेस्टंट अशी जोडपी बरीच दिसतात. त्यातल्या अनेकांची लग्ने घरच्यांच्या अश्रूंत होतात, काहींची होतच नाहीत. त्यांना तुमच्यासारखे कोणी भेटलेले नसते. निदान तुम्ही काय केलेत, ते त्यांना कळावे.

मी वसईची. 1534 मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला. पोर्तुगीज निघून गेले, पण आमच्या वाडवडिलांची श्रद्धा राहिली. संध्याकाळी घरात रोझरीची माळ, रविवारी चर्चमध्ये मिस्सा, गोन्सालो गार्सिया हे आमच्याच मातीतले संत, असे माझे बालपण. नवरा नगर जिल्ह्यातला. तिकडे अमेरिकन मराठी मिशन या प्रॉटेस्टंट मिशनने 1831 मध्ये काम सुरू केले. त्याचे पणजोबा दुष्काळात अनाथ झाले आणि मिशनच्या बोर्डिंगात वाढले. त्याच्या घरी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदे पेटीवर म्हटली जातात आणि सासऱ्यांना स्तोत्रेच्या स्तोत्रे तोंडपाठ आहेत. दोन्ही घरे ख्रिस्ती, दोन्ही मराठी, दोन्हीकडे नाताळला करंज्या. तरी लग्नाची गोष्ट निघाली तेव्हा दोन्ही घरांनी एकमेकांकडे परक्या धर्माच्या लोकांकडे पाहावे तसे पाहिले.

आमच्याकडे म्हणाले, "त्यांना मरियामातेचा मान नाही." तिकडे म्हणाले, "ते मूर्तीपुढे मेणबत्त्या लावतात." माझी आजी जेवेना. सासूबाईंनी तर उपास करून प्रार्थना सुरू केली, आणि ती कशासाठी हे सगळ्यांना माहीत होते.

तुम्ही त्या वेळी निवृत्त झाला होतात. नवऱ्याच्या घरचे जुने पाळक, एवढीच तुमची ओळख मला होती. मला वाटले होते, तुम्ही मला समजावायला याल, की बाई, आमच्या मंडळीत ये, दृढीकरण घे, प्रश्न मिटला. तुम्ही आलात आणि पहिला प्रश्न विचारलात, "रोझरीत तुला सगळ्यात जवळचे रहस्य कोणते?" रहस्य म्हणजे माळ जपताना मनात आणायचा येशू-मरियेच्या जीवनातला प्रसंग. पाळकसाहेब, मला त्या प्रश्नाचे उत्तर देताना रडू आले, कारण त्या सगळ्या महिन्यांत माझ्या श्रद्धेबद्दल कोणी इतक्या आदराने विचारलेच नव्हते.

मग तुम्ही वसईला गेलात. माझ्या आजीच्या घरी पाटावर बसून जेवलात, सुक्या बोंबलाची चटणी दोनदा मागून घेतलीत आणि जेवण झाल्यावर पिशवीतून ख्रिस्तपुराण काढलेत. फादर स्टीफन्स या इंग्रज जेजुइट, म्हणजे एका कॅथलिक संघाच्या, धर्मगुरूने या मराठी ओव्या रचल्या आणि 1616 मध्ये त्या गोव्यात राशोलला छापल्या गेल्या, हे आम्हा वसईकरांना शाळेत सांगितलेले असते. पण प्रॉटेस्टंट पाळक त्या ओव्या चालीवर म्हणतो, हे आजीने कधी ऐकले नव्हते. तिने दुसऱ्या दिवशी स्वतःहून विचारले, "ते परत कधी येणार?" सासरी तुम्ही त्याच ओव्या म्हटल्यात. सासूबाई टिळकांच्या अभंगांवर वाढलेल्या, त्यांना त्या परक्या वाटणे शक्यच नव्हते.

एवढ्याने सगळे जुळले असते तर हे पत्र छोटे झाले असते. खरी अडचण तुम्हीच बाहेर काढलीत. आमच्या नात्यातले एक गृहस्थ पंथाबद्दल फार बोलत होते, पोपचा अधिकार, संतांची मध्यस्थी, सगळे. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलेत आणि म्हणालात, "मुलगा मंगळूरचा प्रॉटेस्टंट असता तर तुम्ही हेच म्हणाला असता का?" ते गप्प झाले. कारण खरा प्रश्न मरियामातेचा नव्हता. नगरकडच्या ख्रिस्ती लोकांचे "मूळ" काय, हा होता. आमच्या वसईत जुन्या जातींचा अभिमान ख्रिस्ती होऊनही चारशे वर्षे टिकला आहे. तिकडच्या बहुतेक मंडळ्या गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून उभ्या राहिल्या. हे सगळ्यांना ठाऊक असते, पण कोणी बोलत नाही. सोयरीक निघाली की मात्र ते बरोबर वर येते, आणि वर येताना पंथाचे कपडे घालून येते.

तुम्ही त्या दिवशी चिडला नाहीत. बायबलमधल्या गलतीकरांस पत्राचा तिसरा अध्याय काढून, ख्रिस्तात कोणी दास नाही की स्वतंत्र नाही, सगळे एकच, हा भाग आमच्याच माणसाकडून मोठ्याने वाचून घेतलात. मग सांगितलेत, की 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. सरकार म्हणते तू ख्रिस्ती झालास, तुला जात नाही. आणि ख्रिस्ती घर म्हणते, ख्रिस्ती खरा, पण जात कोणती? "या पोराने नेमके जायचे कुठे?" असे तुम्ही विचारलेत. तेव्हा माझे बाबा उठून आत गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले आणि होकार दिला. होकार का दिला, ते त्यांनी आजवर सांगितलेले नाही, पण मला ते माहीत आहे, आणि तुम्हालाही.

त्या दिवशी मला एक गोष्ट समजली, आणि तिच्यासाठी मी तुमची सगळ्यात जास्त ऋणी आहे. चर्चमधल्या काही भिंती श्रद्धेच्या असतात. त्या प्रामाणिक माणसांनी प्रामाणिकपणे मानलेल्या असतात, त्या धक्का मारून पाडायच्या नसतात, त्यांच्याजवळ धीराने उभे राहायचे असते. आणि काही भिंती निव्वळ आपल्या असतात, जातीच्या, जागेच्या, अहंकाराच्या. त्यांच्यासाठी एक दिवसही थांबायचे कारण नाही. आपण उलटे करतो. दुसऱ्या प्रकारची भिंत जपण्यासाठी पहिल्या प्रकारची पुढे करतो.

लग्न कुठे, हा पुढचा वाद. सासऱ्यांचे म्हणणे, दोन्हीकडचे पाळक उभे राहून अर्धी अर्धी वचने घेऊ देत. तुम्ही त्यांना समजावलेत, की कॅथलिक नियमात दोघांनी मिळून वचन घेणे बसत नाही. बिशपांची परवानगी लागते, कॅथलिक जोडीदाराला आपली श्रद्धा जपण्याचे आणि मुलांना त्या श्रद्धेत आणण्यासाठी शक्य ते सगळे करण्याचे वचन द्यावे लागते, आणि दुसऱ्या जोडीदाराला ते आधी सांगावे लागते. सासऱ्यांना हा अपमान वाटला. तुम्ही म्हणालात, "अपमान लपवण्यात असतो. यांनी तर आधीच सांगितले." लग्न वसईत झाले. वचने फादरांनी घेतली, शास्त्रवाचन आणि प्रार्थना तुम्ही केलीत. तुम्ही योहानाच्या सतराव्या अध्यायातली प्रभूची प्रार्थना वाचलीत, त्या सर्वांनी एक व्हावे ही. आमची सगळी गल्ली चर्चमध्ये होती आणि तुमचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला.

तुम्हाला इतका धीर कुठून आला, ते मला पुढे जानेवारीत, सगळ्या पंथांचे ख्रिस्ती मिळून पाळतात त्या ऐक्य प्रार्थना सप्ताहात कळले. दरवर्षी 18 ते 25 जानेवारीला तुमच्या घरी चार-पाच कुटुंबे जमतात, त्यात आम्हीही येऊ लागलो. एका संध्याकाळी तुम्ही 1970 चे नागपूर सांगितलेत. 29 नोव्हेंबरला ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सी.एन.आय.) स्थापन झाली तेव्हा तुम्ही तरुण होतात आणि गर्दीत मागे उभे होतात. वेगवेगळे प्रॉटेस्टंट पंथ त्यात एक झाले: अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल यांची आधीच जुळलेली युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथडिस्ट. 1929 पासून बोलणी चालली होती, म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त. बाळाचा बाप्तिस्मा करणारे आणि मोठेपणी स्वतःच्या कबुलीवरच बाप्तिस्मा देणारे एका चर्चमध्ये कसे नांदणार, हा सगळ्यात अवघड पेच होता. दोन्ही रीती ठेवल्या. बिशप असलेले आणि नसलेले पंथ एकत्र येताना, कोणाचा अभिषेक, म्हणजे पाळक म्हणून झालेली नेमणूक, खरा हा प्रश्न होता. तेव्हा सर्वांनी एकमेकांवर हात ठेवून प्रार्थना केली, कोणीही कोणाला "तू आजवर पाळक नव्हतास" असे म्हटले नाही. हे सांगताना तुम्ही स्वतःच्या हातांकडे पाहत होतात.

आणि तुम्ही नुसते गोड गोडच सांगितले नाहीत. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट अगदी शेवटच्या टप्प्यावर बाजूला झाले, तेही सांगितलेत. गुजरातेत ब्रदरन मंडळीच्या विलीनीकरणाचा आणि मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2013 मध्ये निकाल विलीनीकरणाच्या विरुद्ध लागला, तेही. ठराव करून ऐक्य झाले असे समजणाऱ्यांनी मंडळीतल्या माणसाला विचारलेच नव्हते, असे तुमचे मत. मला ते पटते. दक्षिणेतल्या दोर्नाकलचे अँग्लिकन बिशप अझरिया यांनी पश्चिमेकडच्यांना ठणकावून सांगितले होते, की तुमच्याकडे फाटाफूट ही दुर्बलता असेल, आमच्याकडे ती पाप आहे. दक्षिण भारतातल्या पंथांचे असेच ऐक्य 1947 च्या सप्टेंबरात झाले, आणि अझरिया 1945 च्या पहिल्याच दिवशी गेले. त्यांना ते पाहायला मिळाले नाही. "पेरणारा नेहमी कापणीला असतोच असे नाही," एवढे बोलून तुम्ही प्रार्थनेला सुरुवात केलीत.

2013 च्या सप्ताहाचे साहित्य आपल्या देशातल्या स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंटने तयार केले होते, बायबलमधल्या मीखा संदेष्ट्याच्या सहाव्या अध्यायावर, आणि त्यात दलित ख्रिस्ती लोकांवरचा अन्याय मध्यभागी होता. ती पुस्तिका तुम्ही जपून ठेवली आहे. जात मोडल्याशिवाय चर्चचे ऐक्य बोलू नये, हे तुम्ही जिथे जाल तिथे सांगता. माझ्या मते आपल्या महाराष्ट्रातल्या चर्चमध्ये हे सगळ्यात कमी वेळा सांगितले जाते.

मुलगी झाली तेव्हा पुन्हा तोच ताण. बाप्तिस्मा कोणाकडे? सासूबाईंनी तुम्हाला फोन केला, रागाने. तुम्ही त्यांना सांगितलेत, की पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने दिलेला आपला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च खरा मानते, आणि त्यांचा आपण मानतो. पोर कोणत्याही कुंडाजवळ नेली तरी ती ख्रिस्ताचीच होणार. बाप्तिस्मा माझ्या पॅरिशमध्ये झाला. माझा भाऊ धर्मपिता झाला, आणि तुम्ही फादरांशी बोलून नणंदेला ख्रिस्ती साक्षीदार म्हणून उभे केलेत. नियमात ती जागा आहे, पण ती कोणी सांगत नाही. नोंदवहीत तिचे नाव लिहिले गेले तेव्हा सासूबाईंनी ते चष्मा लावून वाचले.

त्याच मिस्सेत कम्युनियनच्या, म्हणजे प्रभुभोजनाच्या, वेळी तुम्ही रांगेत आलात. आमच्याकडे ते कॅथलिक नसलेल्याला सहसा देत नाहीत. मला धडकी भरली, आता काय होणार? फादरांपुढे पोचल्यावर तुम्ही दोन्ही हात छातीवर आडवे ठेवलेत, मान खाली घातलीत आणि नुसता आशीर्वाद घेतलात. पन्नासेक वर्षे दुसऱ्यांना प्रभुभोजन देणारा माणूस, आणि आमच्या चर्चचा नियम आमच्यापेक्षा जास्त पाळून, रिकाम्या हातांनी परत जागेवर जाऊन बसला. फादर मागून म्हणाले, की त्यांना त्या दिवशी आपण प्रवचन केल्याचा संकोच वाटला.

आता आम्ही शनिवारी संध्याकाळी मिस्सेला आणि रविवारी सकाळी सी.एन.आय.च्या उपासनेला, चौघे मिळून जातो. सासूबाई आमच्याकडेच असतात. नवरा माझ्या चर्चमध्ये कम्युनियन घेत नाही, मी त्याच्याकडे प्रभुभोजन घेत नाही. ते दुखते. दर आठवड्याला दुखते. लोक म्हणतात, घेऊन टाका, कोण बघतो? तुम्ही तसे कधी म्हटले नाहीत. तुम्ही म्हणालात, "दुखू दे. ज्यांना दुखत नाही त्यांनी ऐक्यासाठी काही केलेले मी पाहिले नाही."

मुलीने मध्यंतरी विचारले, बाबा माझ्या पहिल्या कम्युनियनला माझ्याबरोबर का घेणार नाही? आम्हाला उत्तर सुचेना, तिने ते तुम्हाला विचारले. तुम्ही तिला पोपची अंगठी सांगितलीत. 1966 मध्ये रोममध्ये पोप पॉल सहावे यांनी आपल्या बोटातली अंगठी काढून अँग्लिकनांचे प्रमुख, कँटरबरीचे आर्चबिशप रॅम्झी यांना दिली, आणि रॅम्झींनी ती जन्मभर घातली. "अजून एकत्र जेवण नाही, पण अंगठी दिली आहे, म्हणजे लग्न ठरले आहे," असे तुम्ही म्हणालात. तिने हे तिच्या कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, वर्गात सांगितले. सिस्टरांनी मला थांबवून विचारले, कोणी शिकवले? मी तुमचे नाव सांगितले. त्यांना तुम्हाला वर्गात बोलवायचे आहे. नाही म्हणू नका.

कम्युनियन मे महिन्यात आहे. फादरांशी बोलणे झाले आहे. मिस्सेनंतर घरी जेवणाआधीची प्रार्थना तुम्ही करायची, आणि आजीने सांगितले आहे की स्टीफन्सच्या ओव्यांचे पुस्तक विसरायचे नाही. ती आता थकली आहे, ऐकूही कमी येते, तुम्हाला तिच्या अगदी शेजारी बसावे लागेल. बोंबलाची चटणी वसईहून येते आहे. गुडघे दुखतात म्हणून बसने येऊ नका, भाऊ गाडी घेऊन येईल.

मनापासून आभार, पाळकसाहेब. सासूबाई आणि आजी, दोघींकडूनही.

तुमची,
वसईची लेक आणि नगरची सून