साखर मोजता, तशी पायाची नाडीही बघा

संपादक महोदय,

दिवाळी सरली की नागपुरात मोफत आरोग्य तपासणी शिबिरे सुरू होतात. वजन, रक्तदाब, साखर, फार तर ईसीजी एवढे होते. रुग्णाला चप्पल-मोजे काढायला लावून पायाची नाडी बघितलेली मात्र मला क्वचितच दिसली. शल्यचिकित्सेच्या वॉर्डात जखमांचे ड्रेसिंग करण्यात सारी नोकरी गेली, त्यामुळे ही गोष्ट फार खुपते.

मधुमेह, उच्च रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांमुळे पायाला रक्त पोचवणाऱ्या धमन्या आतून अरुंद होत जातात. सुरुवातीचे लक्षण अगदी साधे असते. ठरावीक अंतर चालले की पोटरीत गोळा येतो, दोन-चार मिनिटे उभे राहिले की जातो, पुन्हा तेवढेच चालले की पुन्हा येतो. लोक ‘नस दबली’, ‘वात आहे’ म्हणतात आणि मालिश करून घेतात. वास्तविक मणक्याच्या दुखण्यात नुसते थांबून सहसा भागत नाही, बसावे किंवा पुढे वाकावे लागते. रक्त कमी पोचत असेल तर उभ्या उभ्याच आराम पडतो. ओपीडीत हा एक प्रश्न विचारला तरी डॉक्टरांना दिशा मिळते.

आजार वाढला की रात्री झोपेत पाय ठणकतो. असा रुग्ण ओळखायला आम्हाला केसपेपर बघावा लागत नसे. तो पाय खाटेखाली सोडून बसलेला असायचा, कारण पाय खाली असला की थोडे रक्त उतरते आणि ठणका कमी होतो. नातेवाईक मायेने तोच पाय उचलून उशीवर ठेवायचे आणि तो कळवळायचा. जवळून बघितले तर नखे जाड, पोटरीवरचे केस गेलेले, कातडी चकाकणारी, अंगठा निळसर. अशा पायाला चपलेचा अंगठा घासून झालेली जखमही भरत नाही.

तपासणी अवघड नाही. पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्याच्या मागे अशा दोन ठिकाणी बोटांनी नाडी लागते. ती लागत नसेल किंवा शंका असेल तर रुग्णाला काही मिनिटे आडवे झोपवून दोन्ही दंड आणि दोन्ही घोट्यांचा रक्तदाब घ्यायचा. त्यासाठी नेहमीचा बीपीचा पट्टा, थोडे जेल आणि रक्ताचा प्रवाह आवाजात ऐकवणारे, हातात मावणारे डॉप्लर यंत्र पुरते. पट्टा फुगवला की यंत्रातली रक्ताची सळसळ थांबते, आणि हवा सोडताना ती परत ऐकू आली तो आकडा टिपायचा. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचे. दंडाचा 140 आणि घोट्याचा 84 असेल तर उत्तर 0.6 येते. 0.9 किंवा त्याखाली आले तर रक्तपुरवठा कमी आहे असे समजतात. जुना मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर धमन्या चुन्यासारख्या कडक होतात आणि आकडा 1.4 च्याही वर जातो. तो चांगला समजू नये, तिथे पायाच्या अंगठ्याचा दाब बघावा लागतो. हे सगळे पंधरा-वीस मिनिटांत होते आणि प्रशिक्षित परिचारिका ते करू शकते.

वेळेत कळले तर बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. तंबाखू बंद ही पहिली अट. बिडी-सिगारेट तर नकोच, चघळायचा खर्राही नको. तिशी-चाळिशीतल्या बिडी ओढणाऱ्या पुरुषांना बर्जर नावाचा आजार होतो, त्यात तंबाखू सुटली नाही तर एकेक बोट जाते. कमावत्या वयाच्या माणसांचे पाय कापलेले मी पाहिले आहेत, ते विसरता येत नाही. सोबत कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी डॉक्टर देतात. ती हृदय आणि मेंदूसाठीही असते, कारण पायाच्या धमन्या खराब असतील तर तिथल्याही असण्याची शक्यता मोठी. जखम नसेल तर चालणे हेच औषध. दुखेपर्यंत चालायचे, थांबायचे, परत चालायचे. अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून किमान तीनदा, निदान तीन महिने. एवढ्याने भागले नाही किंवा जखम झाली तर अँजिओप्लास्टी आणि बायपास आहेत.

दोन गोष्टी घरोघरी कळायला हव्यात. थंडीत बधिर पायांना गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नये, भाजलेले कळत नाही. आणि पाय अचानक पांढरा, गार पडून असह्य दुखू लागला तर मालिश करत न बसता लगेच मोठ्या रुग्णालयात न्यावे. तिथे पहिले सहा तास महत्त्वाचे असतात.

महानगरपालिकेने प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रात एक हँड डॉप्लर द्यावे, परिचारिकांना ते शिकवावे आणि मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाचे पाय वर्षातून एकदा तरी तपासून कार्डावर नोंद करावी. शिबिरे भरवणाऱ्या मंडळांनी साखरेच्या टेबलाशेजारी एक खाट टाकावी. नाडी कशी बघायची हे शिकवायला मी आणि माझ्या निवृत्त मैत्रिणी विनामूल्य येऊ.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, महाल, नागपूर