इंटर्नला एक पेटी द्या, अख्खे कोठार नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सुट्ट्या लागल्या की स्थानिक इतिहासाच्या संग्रहालयांत विद्यार्थी इंटर्नशिपला येतात आणि बहुधा दोनपैकी एका कामाला जुंपले जातात. एक तर दालनात उभे राहायचे, नाहीतर ‘सगळे स्कॅन करून टाका’. पहिल्यात विद्यार्थ्याचा वेळ जातो. दुसऱ्यात संग्रहाचे नुकसान होते, आणि मुले निघून गेल्यावर कधीतरी ते लक्षात येते.

देणगीत आलेली फोटोंची पेटी उघडून मुले फोटो विषयवार लावतात: लग्ने, मिरवणुका, शाळा. दिसायला नीटनेटके. पण कोणता फोटो कोणत्या पाकिटात, कशाच्या जोडीला होता, एवढाच अनेकदा त्यातल्या अनोळखी चेहऱ्यांचा माग असतो. तो एका दुपारी पुसला जातो. वर फाइलचे नाव ‘स्कॅन ०४७’, म्हणजे दाखल नोंदवहीशी (संग्रहालयात आलेल्या वस्तूंची क्रमवार नोंद) काहीच संबंध नाही.

म्हणून इंटर्नला एकाच देणगीतली एकच पेटी द्यावी, आणि ती पूर्ण करून घ्यावी. १२० तास असतील तर पहिले १५ शिकण्याला आणि शेवटचे १० तपासणीला राखून ठेवावेत. उरलेल्या वेळात शंभरेक फोटो व्यवस्थित होतात. त्याहून मोठा आकडा ठरवला की आधी वर्णने आखडतात, मग क्रमांक चुकतात.

कामाचा क्रम मोडू नये. पेटी उघडताच आहे त्या स्थितीत प्रत्येक थराचे छायाचित्र. मग क्रमांक, मग नोंद, आणि स्कॅनिंग सर्वांत शेवटी. क्रमांक तीन भागांचा सोयीचा पडतो: २०२५.१४.३ म्हणजे २०२५ सालच्या चौदाव्या देणगीतली तिसरी वस्तू. फाइललाही हेच नाव, दुसरे कुठलेही नाही. स्कॅनची मूळ प्रत टिफ या फाइल-प्रकारात, छोट्या फोटोंसाठी ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके).

क्रमांक घालताना सर्वाधिक घोळ होतो. फोटो स्वच्छ, कडक पृष्ठभागावर पालथा ठेवून मागे कडेला २बी पेन्सिलने, दाब न देता लिहावे. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. प्लॅस्टिकचा थर असलेल्या नव्या फोटो-कागदावर पेन्सिल उठत नाही. तिथे क्रमांक पाकिटावर लिहावा, तोही फोटो आत घालण्यापूर्वी. कापडाला सुती फितीवर लिहिलेला क्रमांक दोन-चार सैल टाक्यांनी जोडावा. धातूवर पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक अ‍ॅक्रिलिक रेझिनचा पातळ थर, तो वाळल्यावर शाई, वर पुन्हा थर. अ‍ॅसिटोनने हे सगळे निघून येते. गंज किंवा रंगाचे पापुद्रे सुटत असतील तर हा उपाय नको, सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधावी. सेलोटेप कुठेच नको.

पांढऱ्या सुती हातमोज्यांचा सोस वृत्तपत्रांतल्या छायाचित्रांमुळे वाढला असावा. जुन्या कागदासाठी धुऊन कोरडे केलेले हात बरे, कारण मोज्यात बोटांना पान कळत नाही आणि कड फाटते. फोटो आणि धातूसाठी मात्र नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) मोजे हवेतच.

वर्णनात जे दिसते ते आणि जे कोणी सांगितले ते वेगळे लिहायला शिकवावे. ‘पाटीवर १९३८’ हे निरीक्षण, ‘दुकान मालकाचे असावे’ हा तर्क. तर्क वर्णनाच्या चौकटीबाहेर, इंटर्नच्या नावानिशी. फोटो दान मिळाला म्हणून त्याचा कॉपीराइटही मिळाला असे नसते. दानपत्र तपासल्याशिवाय तो समाजमाध्यमावर जाऊ नये.

एका कर्मचाऱ्याकडे दोनपेक्षा जास्त इंटर्न नकोत. रोज दिवसअखेर त्या कर्मचाऱ्याने कोणत्याही पाच नोंदी उचलून वस्तू, वही आणि फाइल ताडून पाहावी. एक जरी जुळली नाही तर त्या दिवसाचे सगळे काम पुन्हा तपासावे. एवढा वेळ देता येणार नसेल, तर त्या वर्षी इंटर्न घेऊ नयेत. प्रमाणपत्रावरही ‘समाधानकारक काम’ एवढेच न लिहिता पूर्ण केलेल्या नोंदींचे क्रमांक द्यावेत.

आपले,
संग्रहालय-नोंदणीचे काम करणारे काही वाचक