डिकर्टच्या रायफलीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परिसरातल्या आपल्या मराठी मंडळींकडे या वेळी जरा वेगळं मागणं घेऊन आलो आहोत.

गावातल्या छोट्या संग्रहालयाला गेल्या वर्षी एका शेतकरी कुटुंबाने लांब नळीची जुनी रायफल दिली. कित्येक वर्षं ती तळघरात भिंतीला टेकवलेली होती. ओल लागून नळीच्या बुडाशी गंज चढलाय, दस्ता जिथे मुठीत धरतात तिथे उभी चीर गेलीय. कधीतरी कोणी गारगोटीने ठिणगी पाडणारा घोडा काढून केपाचा, म्हणजे छोट्या स्फोटक टोपीवर आपटणारा, बसवला. कोणी चकाकी आणायला पॉलिश पेपर घासला, त्यात नळीवरची सही पुसट झाली. खिडकीपाशी तिरप्या उजेडात धरली तरच ‘जे. डिकर्ट’ वाचता येतं, तेही शेवटचं अक्षर अंदाजानेच.

रायफली घडवणारे कारागीर जेकब डिकर्ट १७४० साली जर्मनीतल्या माइन्त्समध्ये जन्मले. आठ वर्षांचे असताना आईवडिलांबरोबर पेनसिल्व्हेनियात आले आणि १७५६ पासून लँकेस्टरचेच झाले. १८२२ मध्ये वारले. जर्मन कारागिरांनी इकडे आणलेली शिकारी रायफल आखूड होती, गोळी मोठी. इथे जंगलात दिवसेंदिवस राहायचं, शिसं आणि दारू पाठीवर वाहायची. मग नळी चाळीस इंचांपुढे लांबवली, भोक बारीक केलं. तेवढ्याच शिशात जास्त गोळ्या होऊ लागल्या. दस्ता लहरदार मेपलचा, त्याच्या कडेला पितळी झाकणाची डबी. तेलकट कापडात गुंडाळलेली गोळी ठासली की ते कापड नळीतल्या आट्यांना घट्ट बसतं, आणि सुटताना गोळी गरगर फिरत जाते. नेम त्यामुळे लागतो. कोकणात ज्यांनी घरची ठासणीची बंदूक पाहिलीय त्यांना हे पटकन समजेल.

तज्ज्ञांनी तपासताना गज आत घातला, तर तो चार बोटं आधीच अडला. बार, म्हणजे ठासलेली दारू आणि गोळी, अजून आत आहे! तो जाणत्या हातांनीच काढावा लागेल. म्हणून संग्रहालयात गेलात तर रायफलीला हात लावू नका. घामातल्या मिठानेही लोखंडावर बोटांचे डाग उठतात.

‘बंदुकीसाठी पैसे कशाला?’ असं मंडळाच्या बैठकीत दोघांनी विचारलं. इथल्या बातम्या रोज वाचणाऱ्याने हे विचारायलाच हवं. या हत्याराचा इतिहास फक्त कारागिरीचा नाही. १७६३ च्या डिसेंबरात याच परिसरात कोनेस्टोगा या इथल्या मूळ रहिवासी जमातीच्या वीस माणसांना, बायकामुलांसह, शस्त्रधारी वसाहतवाल्यांनी मारलं; त्यांतले चौदा जण लँकेस्टरच्या तुरुंगात आसऱ्याला ठेवलेले होते. डिकर्ट तेव्हा याच गावात होते. रायफलीशेजारच्या फलकावर तेही लिहा, असा आग्रह आम्ही धरला आणि संग्रहालयाने तो मान्य केला. हे ठरल्यावरच मंडळाने हे काम अंगावर घेतलं.

खर्च ४,८०० डॉलर आहे. त्यात बार काढणं, गंज थांबवून मेणाचा हात देणं, चीर सांधणं आणि हवेतला ओलावा ५० टक्क्यांच्या आसपास राखणारी काचपेटी आली. रायफल नव्यासारखी चकचकीत करायची नाही, वयाचा रंग तसाच ठेवायचा. १,९०० डॉलर गावकऱ्यांनी जमवले आहेत. उरलेले २,९०० आपण उभे करू असा शब्द दिलाय.

धनादेश थेट संग्रहालयाच्या नावाने लिहा, मंडळाच्या नको. दहा डॉलरसुद्धा चालतील. पैशांइतकीच माणसांचीही गरज आहे. आपल्यात धातुशास्त्राचे अभियंते आहेत, नळीत सोडायचा बारीक कॅमेरा हाताळणारेही आहेत. त्यांनी दोन शनिवार द्यावेत. कोणाला जुनं जर्मन हस्ताक्षर लागत असेल तर जरूर कळवा, चर्चच्या नोंदी वाचायच्या आहेत.

दिवाळीच्या कार्यक्रमात दाराशीच पेटी ठेवलेली असेल. शेजारी दस्त्याचा मोठा फोटोही लावणार आहोत, ती चीर स्पष्ट दिसेल असा.