पोटावरची पिशवी कोणाच्या हिशेबात? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी माझ्या यजमानांची शस्त्रक्रिया तिसऱ्यांदा पुढे ढकलण्यात आली. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून आदल्या रात्रीच्या एसटीने निघून आम्ही पहाटे रुग्णालयात पोहोचलो, दुपारी दोनपर्यंत त्यांना उपाशी ठेवले आणि मग मंजुरी आलेली नाही, पुढच्या महिन्यात या, असे सांगून परत पाठवले.

त्यांना गुदाशयाचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा, कर्करोग झाला. शौचातून रक्त पडू लागल्यावर आठ महिने मूळव्याधीची औषधे चालली. तीन डॉक्टर झाले, पण हातमोजा घालून बोटाने तपासण्याचे कष्ट एकानेही घेतले नाहीत, आणि त्या तपासणीला ना यंत्र लागते ना पैसा. पुढे किरणोपचार झाले, शस्त्रक्रिया झाली. आतड्याचा आतला जोड भरून येईपर्यंत लहान आतड्याचे तोंड पोटावर काढून ठेवू आणि किमोथेरपी संपली की ते परत आत घेऊ, असा शब्द आम्हाला दिला होता. किमोथेरपी संपून पाच महिने झाले.

या पाच महिन्यांत आमच्या घरात काय चालते ते आपल्याला कळावे म्हणून लिहिते. पोटावरच्या त्या तोंडातून पातळ मळ दिवसरात्र वाहतो आणि त्यातल्या पाचक रसांनी भोवतालची कातडी सोलवटते. तो गोळा करायला त्या तोंडावर पिशवी चिकटवावी लागते; दर तीन दिवसांनी मी पुठ्ठ्याच्या मापाने तिच्या चकतीला भोक कापते. ते जरा मोठे झाले तर कातडी जळते, लहान झाले तर पिशवी निघून येते. पिशव्या संपल्या तेव्हा दुधाची रिकामी पिशवी धुऊन फडक्याने बांधली आहे. उन्हाळ्यात अंगातले पाणी आणि मीठ इतके गेले की त्यांना दोनदा सलाइन लावावे लागले. माणसांत बसणे त्यांनी सोडले आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मोठी शस्त्रक्रिया मोफत झाली, हे मी नाकारत नाही. 2024 पासून हे संरक्षण 5 लाखांपर्यंत नेले, तेही चांगलेच झाले. मात्र पिशव्या पॅकेजमध्ये बसत नाहीत, असे आम्हाला सांगण्यात आले. आतड्याचे तोंड पोटावर काढणे उपचारात बसते, मग त्यावर लावायची पिशवी का बसू नये? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांतही या रुग्णांचा स्वतंत्र उल्लेख नाही. मग त्यांनी दाद कोणाकडे मागायची?

रुग्णाला घरी सोडले की सरकारच्या लेखी उपचार संपतात, पुढे त्याचे काय झाले याचा हिशेब आमच्यासमोर येत नाही, हे मुळातले दुखणे आहे. गुदाशयाभोवतीचे चरबीचे आवरण अखंड काढले तर रोग त्याच जागी उलटण्याचा धोका फार कमी होतो, हे बिल हील्ड या ब्रिटिश शल्यविशारदांनी 1982 मध्ये मांडले. नॉर्वेने शल्यविशारदांना ही पद्धत शिकवली आणि 1993 पासून गुदाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांची देशभर नोंद ठेवून कोणत्या रुग्णालयात किती जणांचा रोग उलटला हे तपासले. माझ्या यजमानांच्या अहवालात आवरण अखंड आहे का, हा रकानाच कोरा आहे. जनतेच्या पैशातून होणाऱ्या शस्त्रक्रियांचा आकडा आम्हाला जाहिरातीत वाचायला मिळतो. त्यांपैकी किती जणांचा जोड फुटला, महिन्याभरात किती जण दगावले, किती जणांच्या पोटावरचे तोंड वर्षभरात बंद झाले, हे रुग्णालयानुसार आमच्यासमोर कधी ठेवले जाणार?

सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे कर्करोग आहेत, आतड्याचा नाही. निदान चाळिशीपुढच्या माणसाच्या शौचातून रक्त गेले तर बोटाने तपासल्याशिवाय मूळव्याधीचे औषध लिहू नये, एवढा आदेश आपण प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला देऊ शकता. त्याला अर्थसंकल्पाची वाट पाहावी लागत नाही. पिशव्या योजनेत घ्या, आणि पहिल्या शस्त्रक्रियेला मंजुरी देतानाच दुसरीलाही द्या. गरिबाने एकाच आजारासाठी पुन्हा पुन्हा अर्ज करायचा, ही पद्धत कोणाच्या सोयीची आहे?

आम्हाला पुढची तारीख 26 दिवसांनंतरची मिळाली आहे. घरात आज चार पिशव्या शिल्लक आहेत.

आपली,
एका रुग्णाची पत्नी
जि. परभणी