पंपरूमची जाळी, मांजरीची पिल्ले आणि पहाटे सव्वापाचचे स्पीकर : अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती,
नौपाडा, ठाणे (पश्चिम).

दिनांक : २४ ऑक्टोबर २०२५

विषय : वसुबारसेच्या दिवशी पंपरूमची जाळी बंद केल्याबाबत व नरकचतुर्दशीच्या पहाटेच्या कार्यक्रमाबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

काल भाऊबीज झाली. सणासुदीत कुणाच्या दारात तक्रारीचा कागद नको म्हणून मी आठवडाभर गप्प बसले. १९९८ पासून मी या इमारतीत राहते. माझा मेंटेनन्स एकदाही थकलेला नाही आणि कुणाच्या दारात जाऊन मी कधी आवाज चढवलेला नाही. पण यंदा जे झाले ते गिळून टाकणे मला जमणार नाही. आपण मला थोरल्या भावासारखे आहात, म्हणून आधी आपल्यालाच लिहिते आहे, निबंधक कार्यालयाला नाही.

शुक्रवारी, १७ तारखेला वसुबारस होती. सकाळी नऊला मी जांभळी नाक्याला गेले. उटणे, पणत्या, चिवड्याचे पातळ पोहे आणि संध्याकाळसाठी गवार घ्यायची होती. गिरणीत चकलीची भाजणी टाकायची होती, तिथे माझ्यापुढे अकरा डबे. रिक्षा मिळेना. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन राम मारुती रोडच्या गर्दीतून चालत आले तेव्हा दुपारचे पावणेदोन झाले होते. फाटकातच आवारातल्या मांजरीचे ओरडणे कानावर आले. हे तिचे नेहमीचे म्याव नव्हते. ती घसा फुटेस्तोवर ओरडत होती.

पंपरूमच्या दाराला कुलूप असतेच. पण बाजूची तुटकी जाळी, जिच्यातून ती आत-बाहेर करते, तिच्यावर प्लायवूड ठोकलेले होते. आई बाहेर आणि आठ दिवसांची तीन पिल्ले आत. वॉचमनला विचारले तर म्हणाला, सांस्कृतिक समितीच्या साहेबांनी साडेनऊला ठोकून घेतले, आत डेकोरेटरच्या वायरी ठेवायच्या आहेत. चावी सचिवांकडे, सचिव खरेदीला दादरला, फोन उचलत नाहीत. मी घरातून पक्कड आणली. वॉचमनने हात जोडले, "ताई, माझी नोकरी जाईल." मी पक्कड खाली ठेवली. एखादीने ठेवली नसती.

सचिव सव्वातीनला आले आणि दार उघडले. म्हणजे पावणेसहा तास. आठ दिवसांच्या पिल्लाचे डोळे जेमतेम उघडू लागलेले असतात. त्याला स्वतःच्या अंगाची ऊब धरून ठेवता येत नाही आणि दर दोन-तीन तासांनी दूध लागते. पंपरूमची फरशी दमट, त्यात मोटर दोनदा सुरू होऊन गेलेली. दार उघडताच मांजर माझ्या पायांवरून उडी मारून आत गेली आणि तिघांवर अंग टाकून पडली. वासराच्या वाट्याचे दूध त्याला मिळावे म्हणून आपल्याकडे त्या दिवशी दूध-तूप वर्ज्य असते. माझी आई करायची, मीही करते. त्याच दिवशी, आपल्याच आवारात, आईला पिल्लांपासून तोडले गेले. पिशवीतली गवार तशीच राहिली. मी निवडायलाही बसले नाही.

सांस्कृतिक समितीच्या प्रमुखांचे, म्हणजे आमच्या खालच्या शेजाऱ्यांचे, म्हणणे असे की पिल्लांचा वास येतो आणि पंपात केस जातील. पंपाची मोटर बंदिस्त असते, तिच्यात केस जात नाहीत. खरे कारण सगळ्या बी विंगला माहीत आहे. त्यांच्या नव्या गाडीच्या बॉनेटवर सप्टेंबरमध्ये मांजरीच्या पावलांचे ठसे उमटले. ठसे धुळीवरचे होते, ओल्या फडक्याने जाणारे. आणि ती गाडी उभी असते कुठे? बरोबर मीटररूमच्या दारासमोर, जिथे ती असायलाच नको. याबद्दल मी जानेवारी २०२४ मध्ये लेखी कळवले होते. पोच माझ्याजवळ आहे, उत्तर मात्र आजतागायत आलेले नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे तक्रार लगतच्या सभेत घ्यायची असते आणि निर्णय त्यानंतर १५ दिवसांत कळवायचा असतो. हिशोब आपणच करावा.

विषय निघालाच आहे तर बाकीचेही सांगते. यांच्या बाथरूमचे काम २०२२ मध्ये निघाले, तेव्हा फरश्यांचे खोके जिन्यात दोन महिने होते. माझे गुडघे तेव्हाही दुखायचे. मागच्या धुळवडीला माझ्या तुळशीच्या कुंडीत रंगाचे पाणी ओतले गेले. या ६ तारखेला कोजागरीला रात्री साडेअकरापर्यंत स्पीकर चालू होता. मसाला दूध घेऊन मी स्वतः खाली गेले आणि हसत सांगितले की आता पुरे. ते म्हणाले, वर्षातून एकदाच तर असते. वर्षातून एकदा येणारे दिवस मोजले तर त्यांच्या हिशेबाने डझनभर तरी भरतात.

उलट माझ्या रियाझावर २०२३ मध्ये त्यांनी तक्रार केली होती. मी पहाटे साडेपाचला हार्मोनियमवर अर्धा तास स्वर लावते. घर बंद असते, खिडक्या बंद असतात आणि माझ्या पेटीला स्पीकर नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ही बंदी आहे ती ध्वनिक्षेपकावर आणि उघड्यावर वाजवण्यावर. बंद घरात वाजवायला नियमाची आडकाठी नाही. तरीही शेजारधर्म म्हणून मी भाता हलका मारते.

हाच नियम त्यांनी सोमवारी, २० तारखेला पायदळी तुडवला. पहाटे सव्वापाचला "हॅलो, चेक, चेक" सुरू झाले. निवासी भागाची मर्यादा रात्री ४५ आणि दिवसा ५५ डेसिबल आहे. माझ्या गॅलरीत मोबाईलवर ८६ दिसत होते. मोबाईलचे माप अधिकृत नसते हे मला मान्य आहे, पण खिडकीच्या काचा थरथरत होत्या, त्याला माप लागत नाही. आणि स्पीकरचे दोन मनोरे उभे केले होते नेमके पंपरूमच्या भिंतीला चिकटवून. रविवारी संध्याकाळी मी डेकोरेटरला दोनदा विनवले होते की ते फाटकाकडे हलवा. त्याने साहेबांकडे बोट दाखवले. साहेब म्हणाले, "मावशी, मांजरीसाठी का कार्यक्रम बदलायचा?"

मी दिवाळी पहाटेच्या विरोधात आहे असे कुणी पसरवत असेल तर ते धादांत खोटे आहे. २००९ मध्ये आपल्या अंगणात पहिली पहाट झाली तेव्हा सतरंज्या माझ्या घरातून गेल्या होत्या. तलावपाळीवरच्या दिवाळी पहाटेची गर्दी ज्यांना सोसत नाही त्यांच्यासाठी आपण हे सुरू केले. तेव्हा एक तबला, एक पेटी, तानपुरा आणि मंदसा एकच माईक, तोही सहानंतर सुरू व्हायचा. पेटीवर मी असायचे. २०१९ पासून पेटीच्या जागी कीबोर्ड आला. त्याबद्दल मी तेव्हा बोलले नाही, आजही बोलणार नाही.

पण गाण्याबद्दल बोलेन. यंदा डी विंगमधली मुलगी ललत गायली. ललतात पंचम नाही. शुद्ध आणि तीव्र असे दोन्ही मध्यम त्यात एकमेकांना खेटून लागतात. तेच तर त्याचे पहाटेपण. ते दोन स्वर शेजारी शेजारी उभे राहिलेले ऐकायचे तर भोवती शांतता लागते. त्या मुलीने ते लावले, फार गोड लावले. मी वरून ऐकत होते म्हणून सांगते, कारण खाली बसलेल्यांना कीबोर्डच्या घरघरीत आणि डग्ग्याच्या छातीवर बसणाऱ्या धक्क्यांत ते कळलेच नसणार. आपले अंगण दोन इमारतींच्या मध्ये, २२ पावलांचे. तिच्या आवाजाला तिथे कशाचीही गरज नाही. आठ मिनिटांच्या आलापात दोनदा माईकची शिट्टी वाजली, तेव्हा पोरीचा चेहरा पडला. समितीने त्या सकाळीवर २८,००० रुपये खर्च केले. त्यात गाणाऱ्यांचे मानधन किती होते हे पुढच्या सभेत सांगावे.

सहाला मी खाली उतरले. समोरून मांजर येत होती, तोंडात पिल्लू मानेला धरून, थेट खुर्च्यांच्या रांगांमधून. मांजर पिल्लांना सात घरे दाखवते म्हणतात. पण ती रात्री, निवांत, जागा हेरून फिरवते. ही बाहेर फुटणाऱ्या फटाक्यांत आणि डोक्यावरच्या झगमगाटात माणसांच्या पायांतून वाट काढत होती. लोक हसत होते, दोघांनी मोबाईल पुढे केले. तिने दोन पिल्ले बी विंगच्या जिन्याखाली, मीटरच्या फळ्यांमागे आणून ठेवली. तिसऱ्यासाठी परत गेली आणि रिकाम्या तोंडाने आली. दिवसभर ती पंपरूम ते जिना अशा खेपा घालत होती. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीही घालत होती.

मांजर माझी नाही, हे मी सचिवांना तीनदा सांगितले आहे. गणपतीत ती आवारात आली तेव्हाच गाभण असणार, कारण ९ ऑक्टोबरला व्याली आणि मांजरीला नऊ आठवडे लागतात. मी तिला जिन्यात एक वाटी ठेवते. समितीने मला "सामाईक जागेत वस्तू ठेवू नये" अशी चिठ्ठी पाठवली. वाटी म्हणजे वस्तू साठवणे नव्हे. चपलांची तीन-तीन कपाटे ज्या जिन्यात उभी आहेत तिथे एका वाटीने कुणाची वाट अडत नाही. प्राण्याला अन्नपाण्यावाचून कोंडून विनाकारण यातना देणे हा मात्र १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे. वाटीबद्दल चिठ्ठी येते आणि प्लायवूडबद्दल येत नाही, हे मला सहन होत नाही.

हे माझे एकटीचे मत नाही. बी विंगमधली आठ कुटुंबे माझ्याशी सहमत आहेत. त्यांतल्या तिघांनी सही करायचे कबूल केले होते, पण ती मंडळी दिवाळीला गावी गेली आहेत. पाचव्या मजल्यावरच्या आजींनी मला जिन्यात थांबवून सांगितले की सोमवारी त्यांना कानांत कापूस घालावा लागला. ए विंगमध्येही असंतोष आहे, तिथले लोक फक्त बोलत नाहीत.

माझे मागणे फार नाही. पुढच्या वर्षी मंच फाटकाकडे असावा आणि सहाच्या आधी एकही स्पीकर चालू होऊ नये. पहिला अर्धा तास तानपुरा आणि गळा एवढेच असू द्या. पंपरूमची जाळी पूर्वीसारखी उघडी राहू द्यावी. पिल्लांना आठ आठवडे पुरे होईपर्यंत, म्हणजे ४ डिसेंबरपर्यंत, त्यांना कुणी हात लावू नये. नंतर मांजरीची नसबंदी मी माझ्या खर्चाने करून घेईन आणि पिल्लांसाठी घरे शोधेन. एक घर मिळालेही आहे. मीटररूमसमोरची गाडी हलवावी. खालच्या शेजाऱ्यांनी झाल्या प्रकाराबद्दल समितीकडे दोन ओळी लेखी द्याव्यात. माझ्याकडे नकोत, मला त्याची हौस नाही. आणि सांस्कृतिक समितीची जबाबदारी पुढच्या वर्षी गाण्यातले कळणाऱ्या कुणाकडे तरी द्यावी. मी स्वतःचे नाव सुचवत नाही, पण कुणी सुचवले तर नाही म्हणणार नाही.

पंपरूमची दुसरी चावी वॉचमनजवळ असायलाच हवी. पाइप फुटला तरी सचिवांची वाट बघणार का? शनिवारी सकाळी मूळ चावी अर्ध्या तासासाठी द्यावी. मी नाक्यावरून दुसरी करून आणते, पैसे मागणार नाही.

आपली नम्र,
बी विंग, पहिल्या मजल्यावरची सभासद

ता. क. तिसरे पिल्लू पांढरे आहे, डाव्या कानावर काळा ठिपका. डेकोरेटर मंगळवारी वायरींची खोकी टेम्पोत भरून घेऊन गेला. त्याला फोन करून ती खोकी एकदा उघडून बघायला सांगावे. माझा फोन तो उचलत नाही, आपला उचलेल.