दुखत नाही ती जागा

पुणे,
१२ एप्रिल

तीर्थरूप बाबा व आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर बाबा म्हणाले, की संध्याकाळचे इन्सुलिन पुन्हा चार युनिटांनी वाढले, तरी सकाळची उपाशीपोटीची साखर दोनशेच्या खाली उतरायला तयार नाही. त्यावर मी फोनवर फारसे काही बोलले नाही, कारण जे सांगायचे आहे ते घाईत सांगितले तर पटणार नाही असे वाटले. म्हणून हे पत्र लिहिते आहे. बाबा, माझी विनंती एवढीच आहे, की डोस आणखी वाढण्याआधी तुम्ही रोज जिथे सुई टोचता ती जागा एकदा नीट तपासून घ्यावी.

हे मी कशावरून म्हणते, ते सांगण्यासाठी मला दिवाळीकडे जावे लागेल. लक्ष्मीपूजनाच्या रात्री माझी साखर ३४० वर गेली होती. माझा इन्सुलिनचा पंप, म्हणजे कातडीखालच्या बारीक नळीतून थोडे थोडे इन्सुलिन सोडत राहणारे यंत्र, चालू होता, नळी कुठे वाकलेली नव्हती, गजर वाजला नव्हता, आणि दोन वेळा वाढीव डोस देऊनही आकडा खाली येत नव्हता. घरी आलेल्या प्रत्येकाने फराळाला दोष दिला. आई, तू एक शब्दही न बोलता दुसऱ्या दिवशी करंज्यांचा डबा शेजारी देऊन टाकलास, ते मला अजून आठवते. त्या रात्री मी दीड करंजी खाल्ली होती आणि तिचा हिशेब पंपात घातला होता. चूक तुझ्या फराळाची नव्हती. हे तुला तेव्हाच सांगायला हवे होते, पण खरे कारण मलाही तोवर कळलेले नव्हते.

ते इथे आल्यावर कळले. डॉक्टरांनी मला आडवे झोपवले, बोटांना साबणाचे पाणी लावून सगळे पोट हळूहळू चाचपले आणि बेंबीच्या डावीकडे पेनने एक गोल काढला. लहान पुरीएवढ्या त्या भागात कातडीखाली रबरासारखी घट्ट चरबी साठलेली होती. डोळ्यांना ती दिसत नव्हती, हाताला मात्र लगेच कळत होती. तिला लायपोहायपरट्रॉफी म्हणतात. इन्सुलिनचा एक गुण असा आहे, की ते जिथे पुन्हा पुन्हा सोडले जाते तिथल्या चरबीच्या पेशी त्याच्यामुळेच वाढतात. अशा जागी संवेदना कमी होते, म्हणून सुई टोचलेली फारशी जाणवत नाही, आणि जाणवत नाही म्हणून माणूस परत परत तिथेच टोचतो. मी सहा वर्षे तेच केले. ज्या जागेला मी सोयीची समजत होते, तिथून इन्सुलिन रक्तात कधी उशिरा जात होते, कधी अर्धेच जात होते, तर कधी आदल्या दिवशीचे साठलेले अवेळी उतरत होते.

बाबा, आपल्या संत्र्याच्या बागेत ठिबक आहे, त्यावरून हे तुम्हाला लगेच उमगेल. मोटारीने पाणी सोडले की नाही ते मीटर सांगते, पण बंडीच्या चाकांनी दबलेल्या काळ्या जमिनीत ते मुळाशी उतरले की वरच तुंबले, हे मीटरला कळत नाही. माझ्या पंपाचेही तसेच आहे. नळीत अडथळा येऊन दाब वाढला तर तो गजर देतो. इन्सुलिन कातडीखाली गेले आणि तिथेच पडून राहिले, तर पंपाच्या लेखी सगळे सुरळीत असते.

कातडीखाली गेलेल्या इन्सुलिनला रक्तात शिरण्यापूर्वी बराच प्रवास करावा लागतो. बाटलीत त्याचे सहा-सहा कण जस्ताभोवती एकमेकांना धरून असतात; डोरोथी हॉजकिन या शास्त्रज्ञ बाईंनी १९६९ मध्ये ही रचना उलगडून दाखवली. हे जुडगे सुटून कण एकेकटे झाले, की मगच ते केशवाहिन्यांच्या भिंतीतून सहज आत जातात. ते लवकर सुटावेत यासाठी संशोधक कितीतरी वर्षे खपत आहेत. १९९६ मध्ये लिस्प्रो नावाचे वेगवान इन्सुलिन आले, त्यात रेणूतील दोन दुव्यांची अदलाबदल करून ही मिठी सैल केलेली आहे. पुढे २०१७ मध्ये अॅस्पार्ट या दुसऱ्या वेगवान इन्सुलिनमध्ये ब जीवनसत्त्वाच्या कुळातील निकोटिनामाइड मिसळून, आणि २०२० मध्ये लिस्प्रोमध्ये रक्तवाहिन्या रुंदावणारे औषध व सायट्रेट मिसळून, अधिक वेगाने शोषली जाणारी इन्सुलिने बाजारात आली. टोचलेल्या जागेला हलकी ऊब देऊन तिथला रक्तप्रवाह वाढवण्याचे, आणि हायलुरोनिडेज नावाच्या विकराने तिथली ऊती थोडा वेळ मोकळी करण्याचेही प्रयोग झाले आहेत. हे सगळे वाचताना मला त्या लोकांविषयी कृतज्ञता वाटते. तरीही माझे मत असे झाले आहे, की कितीही वेगवान इन्सुलिन आणले तरी गाठीत सोडल्यावर त्याचा वेग वाया जातो, आणि जागा बदलायला पैसा लागत नाही.

माझी आणखी एक चूक होती, तीही सांगते. पंपाची कातडीखालची बारीक नळी दोन ते तीन दिवसांनी बदलायची असते, कारण शरीर तिला परकी समजून तिच्याभोवती सूज आणते आणि तिसऱ्या दिवसानंतर शोषणाचा भरवसा राहत नाही. सात दिवस चालणाऱ्या नळीला अमेरिकेत २०२१ मध्ये परवानगी मिळाली, पण माझी नळी तशी नाही. खर्च वाचावा म्हणून मी तीच पाच-पाच दिवस ओढत होते. आता तिसऱ्या दिवशी बदलते आणि प्रत्येक वेळी जागा हलवते. महिन्याभरात माझे दिवसाचे इन्सुलिन ५२ युनिटांवरून ४१ वर आले. खाणे मी बदललेले नाही.

आता तुमच्याविषयी. चौदा वर्षे, दिवसातून दोनदा, म्हणजे तुम्ही दहा हजारांहून अधिक वेळा सुई टोचून घेतली आहे, आणि लहानपणापासून मी पाहते आहे की तुमचा हात बेंबीच्या उजवीकडे दोन बोटांवर ठरल्यासारखा जातो. एकदा मी विचारले होते, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "इथं दुखत नाही." तेच शब्द आता मला काळजीचे वाटतात. आंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने तिथे चाचपून पाहा, आणि आई, तूही हात लावून पाहा. आजूबाजूच्या कातडीपेक्षा तिथे घट्ट, फुगीर किंवा रबरी लागले तर ती जागा किमान तीन महिने सोडून द्यायची आहे.

मात्र, बाबा, एक गोष्ट कृपा करून स्वतःच्या मनाने करू नका. गाठीत टोचायची सवय असताना वाढत गेलेला डोस चांगल्या जागी तसाच घेतला, तर तो सगळाच्या सगळा रक्तात उतरेल आणि साखर धोकादायक खाली जाईल. म्हणून गाठ लागली तर आधी डॉक्टरांना दाखवा, डोस किती कमी करायचा ते त्यांच्याकडून लिहून घ्या, आणि पहिले दोन आठवडे ग्लुकोमीटरने रोज चार वेळा साखर पाहा. आई, त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले किंवा बोलणे असंबद्ध वाटले, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच दे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपास. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता दवाखान्यात ने.

पोटाचे चार भाग मानून एकेक आठवडा एकेका भागात टोचावे, आणि आजच्या टोचणीपासून उद्याची बोटभर दूर असावी. एकच सुई आठवडाभर वापरू नये, तिचे टोक बोथट होते आणि गाठी धरायला तेही एक कारण आहे. शंभर सुयांची पेटी टपालाने पाठवली आहे. वावरात चालत जायच्या आधी मांडीत टोचू नये, कारण चालण्याने मांडीतले इन्सुलिन भराभर शोषले जाते. तुमचे इन्सुलिन ढगाळ आहे, तेव्हा घेण्याआधी बाटली दोन्ही तळव्यांत हळू दहा-वीस वेळा फिरवावी.

मी ३ मेच्या सकाळी घरी पोहोचेन. माझी बाटली एका मिलिलिटरला १०० युनिटांची असते, तुमची ४० ची. दोन्ही एकाच फ्रिजमध्ये राहणार आहेत, म्हणून माझ्या बाटलीतले औषध तुमच्या सिरिंजमध्ये चुकूनही भरू नका. शिवाय मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि लाईन तासन्‌तास नसते, तेव्हा इन्सुलिन नासण्याची भीती खरी आहे. सपरीतला जुना रांजण घासून, अर्धा वाळूने भरून, रोज ओला ठेवा. औषध मी घट्ट झाकणाच्या डब्यात घालून त्यात ठेवेन. कोरड्या उन्हाळ्यात तो चांगला थंड राहतो. मृग लागला, की हवेतल्या ओलाव्यामुळे त्याचा तेवढा उपयोग होणार नाही, पण तोवर मी परतलेली असेन.

पोट चाचपून झाल्यावर काय आढळले, ते त्याच संध्याकाळी फोन करून सांगा. आणि आई, या वेळी करंज्या केल्यास तर डबा घरातच ठेव.

तुमची,
वैशाली