इतक्यात सही करू नकोस

म्हापसा, रविवार रात्र

प्रिय इश्टा,

चतुर्थीपासून तुला एक ओळ लिहिली नाही, त्याची बोच आहेच. आज मात्र थांबवेना. तुमच्या वडिलोपार्जित घराबद्दल बिल्डरकडून आलेला मसुदा तुझ्या धाकट्या काकांनी मला दाखवला. मुखत्यारपत्राच्या तिसऱ्या पानावर तुझं नाव आहे आणि त्याखाली वहिनींचं. त्यावर सही करू नकोस, एवढं आधी सांगतो. बाकीचं सावकाश वाच. इथे सगळे बरे आहेत, आईचा गुडघाही.

मसुद्यात लिहिलंय की घर पाडून इमारत उभी करायची आणि 'संगीत परंपरेसाठी तळमजल्यावर वीस चौरस मीटर जागा राखून ठेवायची'. काका या ओळीवर भाळलेत. घरातलं तावेर्न, म्हणजे आपली दारू-गाण्याची खोली, तीही राहते आणि पैसेही मिळतात, असा त्यांचा हिशेब. राहील ती पाटी. त्या खोलीत मांडो, आपलं संथ कोंकणी गाणं, का खुलतो, हे तुझ्या घरात तुझ्याशिवाय कोणाला सांगू? जाड चिऱ्याच्या भिंती, त्यांवर हातानं केलेला खडबडीत चुन्याचा गिलावा, वर उतरतं छप्पर, वाशांवर मंगळुरी कौलं, मध्ये सिलिंग नाही. घुमट या मातीच्या चर्मवाद्याचा धुम् वर जातो, कौलांच्या सांध्यांतून थोडा निसटतो, म्हणून खोलीत कोंडत नाही. व्हायोलिनचा लांबवलेला सूर खडबडीत गिलाव्यावर विखुरतो, टोचत नाही. काँक्रीटच्या पेटीत समोरासमोर गुळगुळीत भिंती आणि सपाट स्लॅब असेल, तर टाळी वाजवली तरी ती दोन-तीनदा परत येते. खर्ज कोपऱ्यांत घुमतो, खोलीच्या मध्यावर नीट ऐकूच येत नाही. मग गाणारा आवाज चढवतो, गिटारवाला माइक मागतो आणि माइक आला की स्पीकर येतो.

माइकवरून आपण बाजारात किती भांडलो! मागच्या बाकावर शब्द पोचत नाहीत, हे तुझं म्हणणं खरं होतं, आज कबूल करतो. पण उपाय माइक नव्हता. गाणाऱ्यांना कोपऱ्यातून उचलून लांब भिंतीच्या मध्यावर, भिंतीपासून हातभर पुढे बसवायचं होतं. आता तसंच बसवतात आणि दाराजवळही शब्द कळतात. काकी म्हणतात, तुम्हा दोघांना माइक कशाला हवा, तुमचं भांडण हळदोण्यापर्यंत ऐकू जायचं.

खरी गोम वरच्या फ्लॅटांत आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, आणि 2010 च्या दुरुस्तीनं त्यात वाद्यंही आली. बंद जागेला सूट मिळते, पण भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला आवाज गेला तर ती सूट कामी येत नाही. घुमटाचा ठोका स्लॅब आणि खांबांमधून चढतो. खाली कितीही फोम चिकटवा, फोम खोलीतला प्रतिध्वनी खातो, ठोका अडवत नाही. म्हणजे पहिला रहिवासी सामान लावून झोपला की पहिली तक्रार. तावेर्न कायदेशीर मार्गानं गप्प होईल आणि कोणाला दोषही देता येणार नाही.

तुमच्या इंग्लंडात याला उत्तर आहे. 2018 पासून तिथल्या नियोजन धोरणात आहे की जुन्या संगीताच्या जागेशेजारी जो नवं बांधेल, आवाजाचा बंदोबस्त त्यानं करायचा. 2011 च्या लोकॅलिझम कायद्याखाली गावातली एकवीस माणसं मिळून एखादा पब समाजाची मालमत्ता म्हणून नोंदवायला सुचवू शकतात. नोंद झाली आणि मालकानं विकायचं ठरवलं, तर लोकांना पैसे उभारायला सहा महिने मिळतात. त्यांनाच विकलं पाहिजे असं बंधन नाही, पण सहा महिने म्हणजे श्वास घ्यायला जागा. आपल्याकडे काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, 2019 मध्ये घुमट राज्याचं वारसा वाद्य झालं. ती दोन्ही ज्या खोलीत भेटतात, तिला आडोसा देणारा असा कायदा नाही. म्हणून आपला आडोसा तुझ्या वारसाहक्कात शोधावा लागतो.

एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या नोंदीत, अजून आजोबांचंच नाव आहे. इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातली वारसांची वाटणी, झालेली नाही, म्हणजे कोणाचाही वाटा अमुक खोली असा पडलेला नाही. तुमचं लग्न इथल्या सिव्हिल रजिस्ट्रेशनमध्ये नोंदलेलं, वेगळा करार केलेला नाही, म्हणून इथल्या कायद्यानं तुझ्या वाट्यात निम्मा हक्क वहिनींचा. त्यांच्या सहीशिवाय तुझी सही अपुरी, हे बिल्डरच्या वकिलाला पक्कं ठाऊक आहे. तुम्ही दोघांनी नाही म्हटलं तर पूर्ण घर विकता येत नाही. पण एकेका वारसाचा हक्क सुटा घेत घेत बिल्डर आत येऊ शकतो. बाहेरच्याला विकण्याआधी सहवारसाला विचारावं लागतं, तेव्हा तू घ्यायला तयार आहेस असं वकिलाकडून आत्ताच लेखी कळवून ठेव.

मसुद्यात 'विक्री, विकास व इतर सर्व अधिकार' असं आहे. तिथे नोटरी आणि अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का, करून तो कागद इथे आला आणि तीन महिन्यांच्या आत मुद्रांक लागला की तो चालू झाला. द्यायचंच असेल तर ताईच्या नावे मर्यादित मुखत्यारपत्र दे: इन्व्हेंटरी, भाडं स्वीकारणं, छपराची दुरुस्ती. विक्री हा शब्दच नको.

भाड्याचं मुद्दाम लिहितो. गणपतीपासून काका तावेर्नचं भाडं घेत नाहीत. पात्रांवला, म्हणजे तावेर्न चालवणाऱ्याला, वाटतं, जुना घरोबा आहे, देऊ पुढे. यातच धोका आहे. 1968 च्या भाडे कायद्यात थकबाकी हे घर खाली करवण्याचं सरळ कारण आहे. दर महिन्याला मनीऑर्डर करायची आणि नाकारून परत आली की तो कागद जपायचा, हे मी त्याला समजावलंय. अबकारी परवानाही वेळेत नूतन झाला पाहिजे, कारण तो जागेला बांधलेला असतो. एप्रिल 2017 आठव. हमरस्त्यापासून 500 मीटर, लहान गावांत 220, एवढ्या अंतरातले बार सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं बंद झाले आणि वाजवणारे पांगले ते पांगलेच.

आणि छप्पर. मागच्या पन्हळीखालचं भिंतीवरचं लाकूड कुजलंय, सुरी सहज आत जाते. त्यावर टेकलेले तीन वासे पावसाळ्यात बसले तर धोकादायक इमारत म्हणून नोटीस येईल, मग सहीचं कोण विचारतो! मे संपायच्या आत तेवढ्याच पट्ट्यातली कौलं उतरवून लाकूड बदलायचं, फुटकी कौलं निवडायची, पन्हळीचा उतार नीट करायचा. गिलावा चुन्याचाच हवा. सिमेंट लावलं तर चिऱ्यातली ओल बाहेर पडत नाही आणि दोन पावसांत पापुद्रे सुटतात. त्याच वेळी शेजाऱ्याच्या बाजूच्या खिडकीला आतून जाड फळ्यांची दुसरी झडप आणि दाराच्या चौकटीला रबराची पट्टी बसवू. छपरातून निसटणारं थांबणार नाही, म्हणून पावणेदहाला शेवटचं दुलपद, म्हणजे मांडोनंतरचं जलद गाणं, हे ठरलेलंच.

तुझ्या रात्रपाळीचं काय झालं? लेकाला कॉलेज मिळालं का? स्विंडनची थंडी सांभाळ.

काकांशी वाद घालू नकोस, ते दुष्ट नाहीत, थकलेत. येत्या शुक्रवारी बिल्डर उत्तर मागायला येणार आहे. त्याआधी ताईला फोन कर आणि हे पत्र वहिनींना वाचायला दे, सही त्यांचीही आहे.

तुझा,
इश्ट